ओटीभर सरकी

माझ्यासारख्या माणसाने आपल्या लहानपणाविषयी लिहावं का, हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं विचारत आलो आहे आणि दर वेळी उत्तर 'नको' असंच आलं आहे. यात विनय नाही, भीती आहे. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून मी जे लिहिलं तो एक अर्ज होता, आणि त्या अर्जाने माझ्या मायसकट चाळीस-पन्नास बायांची अब्रू रस्त्यावर आणली. पुढे मास्तरकी केली, फळ्यावर रोज लिहिलं, पण स्वतःचं म्हणून चार ओळी लिहायला बसलो की हात थांबतो. आज थांबू द्यायचा नाही असं ठरवलं आहे. लिहिण्यात कुठे कमीजास्त झालं तर वाचणाऱ्याने पोटात घालावं. चूक माझी होती, पण लबाडी माझी नव्हती, आणि ज्यांची होती त्यांना कुणी कधी जाब विचारला नाही. हा राग माझ्याबरोबर जाऊ नये एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आमचं गाव चांदा जिल्ह्याच्या पश्चिमेला. पूर्वेकडे धान आणि जंगल, आमच्याकडे काळी माती आणि कपाशी. गावाच्या टोकाला जीन होतं. जीन म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढायचा कारखाना. माझी माय त्या जिनात रेच्यावर बसायची. रेचा म्हणजे सरकी काढण्याचं यंत्र. दोन रांगांत ते मांडलेले असत आणि प्रत्येकासमोर उंच ओट्यावर एक बाई बसून हाताने कपाशी घालत जाई. पुढून रुई निघायची, खाली सरकी गळायची. भोंगा झाला की बाया आत जायच्या आणि संध्याकाळच्या भोंग्याला बाहेर यायच्या, तेव्हा सगळ्या एका दिवसात म्हाताऱ्या झालेल्या दिसत. भुवयांवर, पापण्यांवर, नाकातल्या फुलीवरसुद्धा रुईची पांढरी कुसं बसलेली. माय अंगणात उभी राहून लुगडं झटकायची, दोनदा खोकायची, आणि मग ओटी सोडायची. ओटीत सरकी असायची.

या ओटीबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दसऱ्याला जीन सुरू व्हायचं. बायलरला हार घालायचे, नारळ फुटायचा, आणि पहिल्या घाण्याची सरकी पितळी परातीत घेऊन मुनीमजी स्वतः ओळीने प्रत्येक बाईची ओटी भरायचे. ही रीत थोरल्या शेटजींच्या बायकोने घातली होती म्हणत. त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत रोज संध्याकाळी प्रत्येक बाईने ओटीत मावेल तेवढी सरकी घरी न्यायची. टोपल्यात नाही, फडक्यात बांधून नाही, फक्त ओटीत. फाटकावरचा चौकीदार तेवढ्या वेळापुरता बिडी पेटवायला वळायचा. आणि एक गोष्ट मला लहानपणी कळत नव्हती ती आता कळते. आमच्या शेजारची पारबताबाई विधवा होती. गावात हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नसे, तिची ओटी कुणी भरत नसे. जिनात मात्र दसऱ्याला तिचीही ओटी भरली जायची. ती त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून जायची आणि येताना मुद्दाम गावाच्या मधल्या रस्त्याने यायची.

ती सरकी आमच्या मोरी म्हशीला जायची. रात्रभर भिजवलेली सरकी सकाळी तिच्यापुढे ठेवली की तिच्या चावण्याचा कुरूम-कुरूम आवाज यायचा आणि त्या आवाजाने मी उठायचो. सरकी खाणाऱ्या म्हशीच्या दुधाला साय जाड येते. ते दूध स्टेशनावरच्या चहावाल्याकडे जायचं, तळाशी उरलेलं माझ्या वाट्याला यायचं, ज्वारीच्या भाकरीचा काला करून. अंबाडीची भाजी, भाकर आणि दुधाचा काला, यावर मी मॅट्रिक झालो. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी सहीदेखील केली नव्हती. नागपूरच्या कॉलेजात माझं नाव दाखल झालं तेव्हा पारबताबाई मायला म्हणाली, "तुह्या पोराले कॉलेजात मोरीनं धाडलं वो बाई. सरटिफिकट आलं का तिच्या गळ्यात बांध."

जगातली मोठी लढाई चालू होती तेव्हा मी लहान होतो. लढाई म्हणजे काय ते आम्हाला भोंग्यावरून कळायचं. एरवी दसऱ्यापासून होळीपर्यंत चालणारं जीन त्या वर्षांत पावसाळा तोंडावर येईतो चालायचं. शिपायांचे कपडे, तंबू, जखमांच्या पट्ट्या, सगळ्याला रुई लागत होती आणि आमची आखूड धाग्याची देशी रुईसुद्धा कुणी नाकारत नव्हतं. रुईच्या गठाणी लादलेल्या बैलबंड्यांची रांग स्टेशनापर्यंत लागायची. त्यातली एक बंडी माझ्या बाबांची. पुढे लढाई संपली. गावात मिठाई वाटली गेली, शाळेला सुटी मिळाली, आणि त्यानंतर दर वर्षी भोंगा थोडा उशिरा सुरू होऊन थोडा लवकर बंद व्हायला लागला. मध्ये कुठे लांब दुसरी लढाई लागली म्हणून एक-दोन हंगाम पुन्हा बरे गेले. मग तेही गेलं. गिरण्यांना आता लांब धाग्याचा कापूस पाहिजे होता. तुमची रुई जाड आहे, आखूड आहे, असं शेटजींचा माणूस येऊन सांगून गेला, जणू काही कपाशीने मुद्दाम तसं केलं होतं. हीच कपाशी शिपायांच्या जखमांना चालली होती. माणसं मरत होती तोवर आमची रुई चांगली होती. मरायची थांबली तशी ती वाईट झाली. कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला प्राध्यापक मागणी आणि पुरवठा समजावून देत, तेव्हा मला हे उभं राहून विचारायचं असायचं. मी कधी उभा राहिलो नाही. माझी बोली ऐकून मागच्या बाकावरची पोरं हसत असत.

बाबांनी गठाणींची बंडी सोडून जंगलाकडे सागवानाच्या ओंडक्यांची वाहतूक धरली. पार भामरागडकडे, जिथून पावसाळ्यात माणूसही परत येत नाही आणि निरोपही येत नाही. घरात माय, मोरी आणि सुटीत आलो तर मी.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी घरी होतो. दसऱ्याला जीन रीतीप्रमाणे सुरू झालं होतं, बायांच्या ओट्या भरल्या होत्या. दिवाळीनंतरच्या सोमवारी भोंगा झालाच नाही. बाया नेहमीच्या वेळी फाटकाशी गेल्या, तर साखळी आणि कुलूप. चौकीदार म्हणाला, जीन बंद. किती दिवस, तर त्याला माहीत नाही. दोन दिवसांनी कळलं ते असं की शेटजींनी दुसऱ्या जिल्ह्यात लांब धाग्यासाठी नवं जीन काढलं आहे आणि इथले रेचे तिकडे जाणार आहेत. रेचे जाणार होते. रेच्यावर बसणाऱ्यांचं काय, हे कुणी बोललंच नव्हतं. त्या वर्षी वेचणी झालेली कपाशी घरोघर तशीच पडून राहिली. आमच्याकडे मायला वेचणीच्या मजुरीत मिळालेल्या वाट्याची होती, माजघरात छातीएवढा ढीग. आम्ही त्याच्याच बाजूला जेवायचो.

बाया आमच्या अंगणात जमल्या. शिकलेला असा मी एकटाच. त्यांचं म्हणणं साधं होतं. जीन इथे चालू ठेवा, नाही तर नव्या जिनात आम्हाला कामावर घ्या. चार महिने तिकडे झोपड्या बांधून राहायची त्यांची तयारी होती. कामगारांची गाऱ्हाणी ऐकणारा एक सरकारी साहेब नागपूरला असतो हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, त्यांना अर्ज करू. मी इंग्रजीत लिहितो.

दोन दिवस मी तो अर्ज लिहीत होतो. मला वाटत होतं, साहेबाला सगळं खरं खरं सांगितलं तर तो न्याय करेल. बायांनी किती वर्षं काम केलं, लढाईत कसे जादा तास काढले, कुणाची बोटं रेच्यात गेली, सगळं लिहिलं. आणि जीन बंद झाल्याने काय काय बुडालं ते सांगताना मी सरकीचंही लिहिलं, की या बाया रोज संध्याकाळी ओटीभर सरकी घरी नेत, त्यावर त्यांची जनावरं जगत, आणि आता तीही बंद झाली. लिहून झाल्यावर सगळ्यांना मराठीत वाचून दाखवलं. सरकीच्या ठिकाणी माय भाकर थापता थापता थांबली.

"सरकीचं काऊन लिवलं?"

"खरं आहे ना ते?"

"खरं हाय. पन ते कागदावरची गोष्ट नाई, बाबू. ते काढून टाक."

"अगं, त्यानंच तर साहेबाला कळेल की किती नुकसान झालं."

पारबताबाई म्हणाली, "राहू दे वो. शिकेल पोरगं हाय, त्याले समजते. आपन का कोनाची चोरी केली?"

मायने भाकर उलटली. मी ते वाक्य काढलं नाही. उलट पक्की प्रत करताना 'रोज' या शब्दाखाली रेघ ओढली. बायांनी ओळीने अंगठे उठवले. माय सगळ्यात शेवटी आली, अंगठ्याची शाई तिने लुगड्याला पुसली नाही, चुलीतल्या राखेने घासून काढली.

संक्रांतीच्या सुमारास साहेब आला. मी कॉलेज बुडवून आलो होतो. जिनाच्या अंगणात टेबल मांडलं होतं, साहेब आणि मुनीमजी खुर्च्यांवर, बाया समोर खाली, आणि जिनाचा फिटर रशीदभाई एका खांबाला टेकून उभा. साहेबाने बरंच काही विचारलं, माणूस वाईट वाटत नव्हता. मग मुनीमजींनी माझ्या अर्जाची नक्कल पुढे ओढली आणि ते वाक्य बोट ठेवून वाचलं. आधी इंग्रजीत, मग बायांना कळावं म्हणून मराठीत. ते फार शांतपणे म्हणाले, "साहेब, यांनीच लिहून दिलं आहे. आमचा माल या रोज घरी नेत होत्या. रोज. खाली रेघ आहे पाहा. खाली अंगठेही आहेत. अशा बायांना कोणतं जीन कामावर ठेवेल?"

ज्या माणसाने तीन महिन्यांपूर्वी त्या परातीतून स्वतःच्या हाताने या बायांची ओटी भरली होती, तो माणूस हे बोलत होता.

मी उठलो आणि म्हणालो, ती रीत होती, तुम्हीच देत होता. साहेबाने विचारलं, "याला काही कागद आहे? शेटजींचा हुकूम, नोंद, काही?" मी मुनीमजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसायला घेतला. पारबताबाई जागेवरून ओरडली, "मुनीमजी, माह्याकडं पाहून बोला. माही ओटी कोनं भरली? सांगा नं. माह्या नवऱ्यानं?" चौकीदाराला विचारलं तर तो म्हणाला, मी काही पाहिलं नाही, आणि ते एका परीने खरंच होतं, तो नेहमी वळलेला असायचा. साहेबाने कागद गोळा केले. बाहेर पडताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही फार प्रामाणिक अर्ज लिहिला." मला अजून कळलेलं नाही की त्याला काय म्हणायचं होतं.

अर्ज फेटाळला गेला. एवढ्यावर थांबतं तरी सोसलं असतं. पण आसपासच्या दोन जिनांमध्ये ज्या बाया काम मागायला गेल्या त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. सरकीवाल्या बाया, असं म्हणून. पारबताबाईला तर तिथल्या चौकीदाराने विचारलं, ओटी रिकामी करून आलीस का. मी नागपूरला परत निघालो तेव्हा माय स्टेशनापर्यंत आली नाही. दारातून म्हणाली, "परीक्षा दे नीट. तिकडंच ध्यान ठेव." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी हे लिहितो आहे ते ऊर्जानगरात, मुलाच्या क्वार्टरमध्ये बसून. इथे वीजकेंद्राचा भोंगा होतो तेव्हा मी अजूनही बाहेर पाहतो. मुलगा म्हणतो, बाबा, त्या काळात असं सगळीकडेच झालं, कुणा एकाचा दोष नव्हता, बाजार बदलला. तो हुशार आहे आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. जीन बंद पडलं त्याला बाजार कारण असेल. पण परात बाजाराने धरली नव्हती आणि चष्माही बाजाराने पुसला नव्हता. गरिबाला द्यायचं ते तोंडी द्यायचं आणि कागदावर आलं की विसरायचं, हे माणसाने केलेलं काम आहे. त्याला माणसाचंच नाव द्यायला पाहिजे.

त्या उन्हाळ्यात मी घरी गेलो नाही. शिकवण्या धरल्या आहेत असं कळवलं. शिकवण्या होत्या, पण खरं कारण ते नव्हतं. बायांसमोरून चालत जायची माझ्यात हिंमत नव्हती. होळीनंतर आमच्याकडचा एक विद्यार्थी वसतिगृहावर येऊन मायने पाठवलेली एक उशी देऊन गेला होता. निरोप काय, विचारलं तर म्हणाला, काही नाही, नुसती उशी दिली. नव्या खादीचा अभ्रा, आत गच्च भरलेली रुई. मी ती वापरायला लागलो. तिच्यात कुठे तरी एक सरकी राहून गेली होती, ती नेमकी कानाखाली टोचायची. जन्म रेच्यावर गेलेल्या बाईच्या हातून अशी रुई कशी सुटली, असं मनात येऊन मी कधी कधी चिडायचोसुद्धा. उशी उलटी करायचो, ती सरकी पुन्हा कानाखाली यायची. पुढे मोरी विकल्याचं कळलं, तेही असंच कुणाकडून तरी. बाबा जंगलात होते, माय लिहू शकत नव्हती, आणि गावातल्या कुणी मला पत्र लिहावं असं मी काही केलं नव्हतं.

पोळा होऊन गेल्यावर एका रविवारी दुपारी वसतिगृहाच्या दारात रशीदभाई उभा दिसला. जिनाचे रेचे त्यानेच खोलून नव्या जागी उभे करून दिले होते, आणि काम झाल्यावर त्यालाही तिकडून काढून टाकलं होतं. आता नागपूरच्या गिरणीत काही जमतं का ते पाहायला आला होता. मी त्याला खोलीत बसवलं, चहा आणला. तो बशीत चहा ओतून फुंकू लागला.

"तू आला नाई बेटा गर्मीत," तो म्हणाला.

"शिकवण्या होत्या."

"हां. तेरी माँ भी हेच सांगते सगळ्यायले. तुले रेचे गेले त्या दिवसाचं कोनी सांगितलं का नाई?"

मी नाही म्हणालो.

"तिनंच मना केलं होतं. पोराची परीक्षा हाय, म्हने. आता तर झाली ना परीक्षा?" त्याने बशी खाली ठेवली. "होळीच्या आधी. मी रेचे बंड्यायवर चढवून राह्यलो होतो. मुनीमजी फाटकावर, हातात यादी. तर पूरा मोहल्ला येऊन राह्यला समोरून. सगळ्या बाया. धुतलेले लुगडे नेसून, जशा दसऱ्याला येत. आन सगळ्यायच्या ओट्या भरलेल्या."

"कशाने?"

"सरकीनं. आन कायनं? जीन बंद, रेचे बंद, मंग सरकी कुठून? घरात कपाशी पडून होती ना सगळ्यायच्या. महिनाभर हातानं काढली, बेटा. एक एक सरकी, नखानं. रेच्यावर बसनाऱ्या बाया." त्याने आपल्या काळ्या पडलेल्या नखांकडे पाहिलं. "पारबताबाई सगळ्यात समोर. फाटकात मुनीमजीच्या पायापाशी तिनं ओटी सोडली. मग एक एक करून सगळ्यायनं. एवढा ढीग झाला का बंडी निघाले रस्ता नाई. मुनीमजी म्हने, हे काय लावलं. तर तुही माय सगळ्यात मागं होती, ते म्हनाली..."

त्याला तिचे शब्द जसेच्या तसे सांगायचे होते असं वाटलं.

"म्हनाली, माह्या पोरानं कागदावर लिवलं ते खरं लिवलं. ओटीभर नेली होती, ओटीभर आनून दिली. आता ह्या ढिगाचा बी कागद करा, आन त्याच्यावर तुमचा अंगठा द्या."

"मग मुनीमजी काय म्हणाले?"

"काय म्हनेल? चष्मा पुसला." रशीदभाईने उरलेला चहा संपवला आणि खोलीत इकडे तिकडे पाहिलं. माझ्या अंथरुणाकडे त्याची नजर गेली, आणि तो पहिल्यांदा जरासा हसला.

"उशी पोचली वाटते तुले," तो म्हणाला. "त्याच सरकीवरची रुई हाय ते."